माहेरचं हवामान

माझ्या फोनवर सोलापूरचं हवामान दिसत नाही. मी राहते शुक्रवार पेठेत, पण फोनवर गाव लावलंय ते माहेरचं, उजनीच्या पाण्याकाठचं. इथलं ऊन मुद्दाम काय बघायचं? दार उघडलं की अंगावर येतंच. तिकडे आई एकटी आहे आणि तिची केळीची बाग आहे. म्हणून दर रविवारी सकाळी मी तिला फोन करते आणि पुढच्या आठवड्याचं हवामान वाचून दाखवते.

या सवयीपायी गेल्या उन्हाळ्यात चांगलीच फजिती झाली. फोनवर आठवडाभर कडक ऊन होतं, म्हणून गव्हाचा चीक शिजवला, गच्चीवर कुरडया घातल्या आणि खुशाल आडवी झाले. दुपार कलली तसा धुळीचा लोट उठला, पत्रे वाजायला लागले आणि टपोऱ्या थेंबांनी माझ्या कुरडयांचा पुन्हा चीक केला. शेजारच्या काकूंचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला, त्यांना हळू बोलता येत नाही. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऊन बघायचं माहेरचं आणि कुरडया घालायच्या सासरी, असं कसं गं जमेल?" पुढे बरेच दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. मी मात्र फोनमधलं गाव बदललं नाही.

आईला "तब्येत कशी आहे?" विचारलं तर "बरी हाय की" एवढ्यावर बोलणं संपतं. वाऱ्याचं विचारलं की ती खुलते. दुपारी रानात वावटळी फिरायला लागल्या, पाण्यावरचा वारा पडला आणि जिवाची तलखी व्हायला लागली की संध्याकाळी वळीव येणार, असं तिचं गणित. कधी तो येतो, कधी नुसता गडगडून दुसऱ्याच्या शिवारात जातो. माझ्या फोनचंही तसंच. दोघांचंही चुकलं की तिला मनापासून आनंद होतो. केळीला भीती पावसाची नाही, वाऱ्याची. घड भरला की झाड पुढे वाकतं, मग कितीही टेकू द्या, एका झोतात ओळच्या ओळ आडवी होते.

त्यामुळे ती माझ्याकडे येत नाही. उन्हाळ्यात वळीव, पावसाळ्यात वारं, मग घड उतरवायची घाई. मी मात्र दर रविवारी आधी एकच बघते, आठवडाभर ओळीने सूर्य आहेत का. तिनं यावं, माझ्या स्वयंपाकघरात बसावं आणि माझ्या भाकरीला नावं ठेवावीत, एवढंच मला हवं असतं. फार हवं असतं.

यंदा वैशाखात तशी सूर्यांची ओळ लागली. ती जेऊरला गाडीत बसली आणि आली. "आठ दिस ऱ्हाते," म्हणाली. आल्या आल्या तिनं माझे सगळे डबे आपल्या पद्धतीनं लावले. मला हळद सापडेना की मोहरी सापडेना, आणि इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

दोनच दिवस झाले असतील. सकाळी चहा पिता पिता तिनं विचारलं, "आपल्याकडं काय म्हणतंय?"

मी फोन बघितला. गुरुवारचा सूर्य जाऊन तिथं ढग आणि वीज आली होती. सोबत जोराचा वारा. क्षणभर वाटलं, ऊन आहे म्हणावं. तिला कुठं वाचता येतंय. पण बागेबद्दल खोटं बोलायची आमच्यात रीत नाही. होतं ते वाचलं. तिनं कप विसळून पालथा घातला आणि पिशवी भरायला घेतली.

मी चिडले. "तू जाऊन काय वाऱ्याला अडवणार आहेस?"

"अडवाय कोण चाललंय?" लुगड्याची घडी घालत ती म्हणाली. "पडायचं ते पडंलच की. पडताना आपलं मानूस तितं असावं, बास."

मागे माझे यजमान काही महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही मी दर रविवारी तिला वारा आणि ऊन वाचून दाखवलं होतं. "तुज्याकडं बरं हाय न्हवं?" असं ती विचारायची आणि मी हो म्हणायची. सांगितलं असतं तर ती भरलेली बाग टाकून आली असती, म्हणून नाही सांगितलं. फोन ठेवून मी मोरीत जाऊन रडायची.

रिक्षा आली. पिशवी मीच उचलून आत ठेवली. आई, पडताना माझ्याजवळही तू असावीस, एवढं एकच वाक्य होतं, अगदी ओठांवर आलेलं. ती सरकून नीट बसली, पदर सावरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"पोचलीस की फोन कर," मी म्हटलं.