जनरेटरला पांघरलेली दुलई

मे महिन्यात, भर दुपारी, मी डिझेल जनरेटरला ओली दुलई पांघरली.

यात कोणाचा सल्ला नव्हता. कल्पना माझी, स्क्रू माझे, दुलई तेवढी माझ्या मोठ्या बहिणीची. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याच्या रांजणाला ओलं पोतं गुंडाळतात, कूलरच्या ताट्या भिजवतात. ओलं केलं की गार होतं, हे आदिलाबादेत कोणाला शाळेत जाऊन शिकावं लागत नाही. रांजणाला श्वास घ्यावा लागत नाही, जनरेटरला घ्यावा लागतो, एवढं मात्र मला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी रुग्णवाहिका घेतली आणि नागपूरच्या एका बॉडीवाल्याकडून तिचं फिरतं घर करून घेतलं. एक पलंग, छोटा ओटा, एसी, आणि मागच्या बाजूला लोखंडी कप्प्यात जनरेटर. नातेवाईक तिला कौतुकानं मोटरहोम म्हणत. बहीण म्हणायची, ‘चाकावरचं मसण’.

या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. तिनं भैंशाच्या जिनिंगात अठरा हंगाम कापूस ओढला आणि आपली फुप्फुसं तिथंच ठेवून आली. आता तिच्या नाकात नळी असते, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीनला चोवीस तास वीज लागते. तिची एकच इच्छा होती. जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या काठी आमचं गाव आहे. तिथल्या पाण्यात एकदा पाय बुडवून बसायचं. त्यासाठी आम्ही एक लहान टाकी आणली होती, खांद्याला अडकवायची. पूर्ण भरली की दोन तास चालते. बेत साधा होता. ऊन उतरेपर्यंत बाई गाडीत, एसीत, मशीनवर राहील. चार वाजले की टाकी लावून, माझा हात धरून उतारानं पाण्यापर्यंत जाईल. टाकी फक्त नदीसाठी. हे मी स्वतः बायकोला आणि बाईला दोनदा बजावलं होतं.

काठावर गाडी लावली, जनरेटर चालू केला. बाईनं तोंड वाकडं केलं.

“बंद कर ते. जिनिंगात बसल्यावानी वाटून राह्यलं.”

बंद कसा करणार? म्हणून मी तिच्या पायाखालची दुलई ओढली. तिनंच भरलेली, जिनिंगच्या कापसाची, चांगली जाड. कप्प्याच्या दाराला हवा आत जायला पट्ट्यांची जाळी आहे. त्या जाळीवर आतल्या बाजूनं दुलई स्क्रूनं आवळली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. आवाज निम्मा झाला. हवाही गार जाणार, असा माझा हिशेब. मी आत येऊन बायकोला म्हणालो, “याला म्हणतात डोकं.”

अर्ध्या तासात इंजिन तापल्याचा लाल दिवा लागून जनरेटर बंद पडला.

बाईच्या नाकाला टाकी लावली. मी दुलईवर आणखी एक बादली ओतली, थोडं थांबून जनरेटर चालू केला. दहा मिनिटांत पुन्हा लाल दिवा. बायको म्हणाली, “अवो, घरी चला. टाकीवर पोचतो आपण.”

“आज गेली तं मी परत नाई येणार,” बाई म्हणाली. “आनणार बी नाई तुमी. नदी पाहूनच जाईन.”

“पाच मिनिटं,” मी म्हणालो.

मग मी रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना उघडू नये असं त्या झाकणावरच लिहिलेलं आहे, चित्रासकट. उकळतं पाणी उडून डावा हात मनगटापर्यंत भाजला. मी काठावर नाचत होतो आणि बाई खिडकीतून नळी सांभाळत हसत होती. हसताना तिला धाप लागत होती तरी हसत होती. बायकोनं हाताला टूथपेस्ट चोपडली.

“बरं झालं, डावा भाजला,” ती म्हणाली. “उजवा लागते तुमाले, दुसऱ्याकडं बोट दाखवाले.”

त्याच वेळी माझं लक्ष कप्प्याच्या दाराकडे गेलं. दुलईतून वाफ निघत होती. पंख्यानं ओढून ओढून तिचा मधला भाग फाटला होता आणि आतला कापूस नाहीसा झाला होता. कुठं गेला असेल, हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही. सगळं मला त्या एका क्षणात समजलं. आता करायचं एवढंच होतं की बायकोला सांगायचं, रेडिएटरवरची पत्र्याची झडप खोलायची आणि कापूस काढायचा.

मी काय केलं? स्क्रू काढले, दुलईची गुंडाळी केली आणि बाभळीमागं टाकून आलो. तीस वर्षं दफ्तरात काढलेला माणूस मी. चूक आपली असली की कागद पहिल्यांदा नजरेआड करायचा, मग दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा. हात भाजलेला असतानाही हे काम मी सफाईनं केलं.

दुसरं टेबल म्हणून जैनथहून ट्रॅक्टरचा मिस्त्री बोलावला. तो मोटारसायकलवर पाऊण तासानं आला. तेलुगू माणूस, पण मराठी आमच्यासारखीच. त्यानं पाणी भरलं, जनरेटर चालू केला, कान लावून ऐकलं. थोड्या वेळात लाल दिवा. तो खाली वाकून नळ्या चाचपू लागला.

“लेदु, लेदु. गळती नाई,” तो म्हणाला. “सार, रेडिएटरच्या जाळीत कापूस-बिपूस गेला काय? हंगामात आमच्या ट्रॅक्टरचं असंच होते.”

अगदी बरोबर. पहिल्याच प्रश्नात. मला त्याचा भयंकर राग आला.

“मे महिन्यात कापूस कुठून येईल?” मी म्हणालो. “ट्रॅक्टरवाले तुमी. हे मशीन वेगळं असते. थर्मोस्टॅट पाहा.”

थर्मोस्टॅट हा शब्द मी तासाभरापूर्वी माहितीपुस्तकात वाचला होता.

“हो सार,” तो म्हणाला आणि थर्मोस्टॅट काढायला बसला. मी सार होतो, चष्मा लावून उभा होतो, माझ्या हातात पुस्तक होतं. त्याच्या हातात फक्त पाना होता. त्यानं थर्मोस्टॅट काढून ओट्यावर उकळलेल्या पाण्यात टाकून पाहिला, चांगला निघाला. परत बसवला. मग मी त्याला पाण्याच्या पंपाकडे वळवलं. पट्टा सैल केला, पंप फिरवला, चांगला. मी च्‌ च्‌ करत होतो. त्याच्या मानेवरून घाम गळत होता आणि मला, सांगायला लाज वाटते, जरा बरं वाटत होतं. न सापडणारा दोष शोधणारा माणूस दोषी दिसायला लागतो. बायकोही आता त्याच्याकडेच रागानं पाहत होती.

“दादा, येत नसन तं सांगा ना,” ती त्याला म्हणाली. “माणूस टाकीवर हाय आतमदी.”

“अक्का, कारन सापडल्याबिगर कसं करू?” तो रडवेला होऊन म्हणाला.

मी आत जाऊन टाकीचा काटा पाहिला. निम्म्याच्या खाली आला होता. अजूनही सांगता आलं असतं. तेव्हा बोललो असतो तर बाईला नदीवर अर्धा तास मिळाला असता. मी बाईला विचारलं, “पाणी देऊ?” तिनं मान हलवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी बाहेर येऊन मिस्त्रीला म्हणालो, “सेन्सर पाहा बरं एकदा.”

सेन्सरही चांगला निघाला. काटा लाल पट्ट्यावर आला, तेव्हा खिडकीची काच सरकली.

“मिस्त्री,” बाई म्हणाली. एका दमात तिला दोन-तीनच शब्द बोलता येत. “त्याच्या जाळीत… कापूस हाय. माह्या दुलईतला. दुलई… बाभळीमागं पडली. यानंच टाकली.”

बायको बाभळीकडे गेली आणि फाटकी, काळी पडलेली दुलई दोन बोटांत धरून घेऊन आली. माझ्या पायाशी टाकली. मिस्त्रीनं पत्र्याची झडप खोलली. रेडिएटरच्या तोंडावर ओला कापूस थापला गेला होता, भिंतीवर गिलावा करावा तसा, बोटभर जाड. त्यानं तो बोटांनी सोलून काढला, ब्रशनं घासलं, वरून पाणी मारलं. वीस मिनिटं लागली. जनरेटर चालू झाला तो चालूच राहिला. दिवा लागला नाही.

मिस्त्रीनं हत्यारं पिशवीत भरली. मी पाकीट काढलं तर त्यानं हात मागं घेतला. “नको सार,” एवढंच म्हणाला. ‘सार’ म्हणताना तो माझ्याकडे नाही, दुलईकडे बघत होता. मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

चार वाजून गेले होते. ऊन उतरलं होतं, पाण्यावर सावली आली होती, गावातल्या दोन बाया धुणं पिळत होत्या. बाई मशीनवर होती. टाकी रिकामी होऊन पलंगाशेजारी आडवी पडली होती. मशीनची नळी दारापर्यंत पोचत होती, त्यापुढं नाही. नदी दारापासून शंभर पावलांवर होती.

बायकोनं घागरभर नदीचं पाणी आणून परातीत ओतलं आणि बाईचे पाय त्यात ठेवले. बाईनं ते झटकन बाहेर काढले. “परातीतच बुडवाचे होते तं घरी काय कमी होती?” ती म्हणाली.

मी तिच्या पायथ्याशी बसलो. शेवटी विचारलं, “बाई, तुले सुरुवातीपासून दिसत होतं ना? मी दुलई टाकली तवाच. मंग काऊन नाई बोलली?”

तिनं नाकातली नळी नीट केली, दम धरला.

“पाहून राह्यली होती, लहान्या,” ती म्हणाली. “आपली इज्जत वाचवाले… तू माही किती हवा घालवतो ते. पुरी टाकी घालवली तू.”