पौर्णिमेची पटपडताळणी

ज्या कुणी आमच्या शाळेसाठी माहितीचा फॉर्म तयार केला, त्याने आयुष्यात एकही मूल जवळून पाहिलेलं नाही, असा माझा आरोप आहे. नाव माहीत नाही, नाहीतर तेही लिहिलं असतं. त्या फॉर्मच्या रकान्यांत जे मावत नाही ते किस्से होऊन उरतं. तीन वर्षांत माझ्याकडे इतकं उरलंय, की मैत्रिणी फोनवर "कशी आहेस" विचारत नाहीत. "आज काय झालं" असंच विचारतात.

शाळा मुरुडच्या अलीकडे, किनाऱ्यालगत. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला मोहल्ला, मध्ये आम्ही. मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. तिन्ही वर्गांचा मिळून पट तेवीस. पडताळणीत वीसच्या खाली गेलो की वर्ग बंद, आणि मुलं मुरुडला. तिकडची एसटी पहाटेची. मुलगे जातील. मुली घरी बसतील, हे कळायला सर्वेक्षण लागत नाही.

* * *

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, 'पालक घरी अभ्यासाकडे लक्ष देतात का?' आठवीतल्या शिफाचे अब्बा कतारला असतात. मी तिला विचारलं.

"देतात ना, बाई. रोज व्हिडिओ कॉलवर वही दाखवते."

"आणि नेट नसेल तेव्हा?"

"तेव्हा लक्ष देत नाहीत. ओरडून ठेवतात फक्त. व्हॉइस मेसेज."

पर्याय दोनच होते, होय आणि नाही. मी 'होय' केलं. शिफा म्हणाली, "जोरात होय करा, बाई."

* * *

सहावीच्या चाचणीत गणित आलं. एका टोपलीत चाळीस मासे आहेत, आठ सडले, तर विकायला किती उरले?

कोळीवाड्यातल्या सातही मुलांनी चाळीस लिहिलं. मला वाटलं कॉपी. एकीला उभं केलं.

"बाई, सडलेले खतवाला नेतो," ती म्हणाली. "टाकतंय कोण?"

उत्तरसूचीत बत्तीस होतं. मी पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे, मोकल सरांकडे गेले. सरांची नोकरी याच किनाऱ्यावर गेली आहे. त्यांनी सूची वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा गृहस्थ शाकाहारी दिसतो. पूर्ण मार्क द्या."

वर मात्र बत्तीसच ग्राह्य धरलं. आमची सहावी गणितात कच्ची आहे, असा लेखी शेरा आला.

* * *

हजेरीचा किस्सा माझ्या फजितीचा आहे.

नवी होते तेव्हा मी रोजच्या हजेरीचा आलेख काढला. दर पंधरा दिवसांनी तो तीन-चार दिवस खड्ड्यात जायचा. कारणाच्या रकान्यात मी दोन महिने 'पालकांची उदासीनता' लिहिलं. तालुक्याहून साहेबांचं पत्र आलं, उपाययोजना कळवा. मी पालकसभा घेतली, पोस्टर लावली. आलेखावर परिणाम शून्य.

एक दिवस स्वयंपाकघरात गेले, तर खिचडी शिजवणाऱ्या हिरामावशी अर्धाच तांदूळ धूत होत्या. मी म्हटलं, "मावशी, अजून हजेरी तरी कुठे झालीये?"

"कशाला पायजे हजेरी? अमावस आली, उधान हाय."

उधाणाला पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी जास्त पडते. ती निवडायला, वाळत घालायला घरातले सगळे हात लागतात, लहान हातसुद्धा. मी एम.एस्सी. आहे. भरती-ओहोटीचा धडा मी फळ्यावर दोनदा शिकवला होता.

उपाययोजनेत काय लिहू, असं मी मोकल सरांना विचारलं.

"चंद्राला नोटीस काढा," सर म्हणाले.

* * *

मग मी घरोघर फिरले. एका बोटीच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, अर्धा तास शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्याची मुलगी आठवीत, हुशार. त्याने जाळं विणत सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी किती शिकलाव?"

मी सांगितलं.

"आनी येवढं शिकून आलाव कंय? आमच्याच गावान. मग आमची पोर तर हितंच हाय."

त्याच्या बायकोने मला चहा दिला. माझी बाजू तिला पटली असावी, कारण साखर जास्त होती.

* * *

यंदा पडताळणी ठरली. मी कॅलेंडर बघून अष्टमी मागून घेतली. त्या दिवसांत पाणी मंद, मुलं वर्गात. आदल्या दिवशी फोन आला, साहेबांना मीटिंग आहे, पुढच्या आठवड्यात येतील. आले ते दुपारी एक वाजता. शुक्रवार होता आणि पौर्णिमा.

मोहल्ल्यातले मुलगे जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. कोळीवाडा सगळा किनाऱ्यावर. वर्गात शिफा धरून सहा मुली.

साहेबांनी पेन उघडलं. "सहा लिहू?"

मी त्यांना उधाण समजावू लागले. माझा आवाज चढला. मोकल सरांनी माझ्या हातातलं हजेरीपुस्तक घेतलं. "बाई, मुलांनी तिथे असावं की नाही, हे भांडण आपण उद्या करू. आज वर्ग राहू दे. चला साहेब, मुलं जवळच आहेत."

मशिदीबाहेर आम्ही थांबलो. नमाज सुटली. मुलगे चपला शोधायला वाकले की सर नाव वाचायचे आणि साहेब खूण करायचे. आठ झाले. एकाने चप्पल हातात धरूनच "हजर" म्हटलं.

चौदा. मागून सहा मुली आणि आठ मुलगे, अशी वरात किनाऱ्यावर आली. बांबूंवर बोंबील टांगायचं काम जोरात चाललं होतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टाकायची. साहेब वाळूतून बूट सावरत एकेका मुलाजवळ जात होते. पंधरा. सोळा. तांडेलाच्या मुलीने मान वर न करता नाव सांगितलं. सतरा. एकोणीसनंतर साहेब थांबले, घाम पुसला. पुढच्या काठीमागून दोन डोकी वर आली.

"एकवीस," साहेब म्हणाले. त्यांनी आकडा लिहिला, खाली सही केली आणि तसेच उभे राहिले. त्यांना बहुतेक काहीतरी बोलायचं होतं. आम्हीही सगळे उभे होतो.

टोपलीपाशी बसलेल्या एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"सायेब, मोजून झालं आसंल तं जरा बाजूला व्हा. बोंबलांवर सावली पडतेय."