सात फुटी पलंग

आमची ताई चौदा वर्षं पगारावर बास्केटबॉल खेळली. गल्लीत तिला सगळे शिडी म्हणायचे. अठराव्या वर्षी ती सहा फूट दोन इंच झाली, तेव्हा सुतारकाम करणाऱ्या बाबांनी तिच्या मापाचा सात फुटी पलंग केला. दुसऱ्याच महिन्यात लांबच्या शहरातल्या संघाने तिला घेतलं आणि पलंग कोराच राहिला. मी जमिनीवर झोपायचो, पण पलंगाला नुसता टेकलो तरी बाबा अंगावर यायचे. त्याचा राग मला अजून आहे.

फोनवर ते स्कोअर कधीच विचारायचे नाहीत. "तिकडच्या पलंगावर पाय मावतात ना?" एवढंच. ताई दर वेळी "मावतात" म्हणायची.

गुडघा गेला तेव्हा ती कायमची घरी आली. आजारी बाबांना आईने त्याच पलंगावर झोपवलं होतं. ते वाळून एवढेसे झाले होते. ताई कडेला कशीबशी टेकली.

"तिकडे पाय कधीच मावले नाहीत, बाबा."

"माहितीये. टीव्हीवर तुझी आखडलेली कंबर दिसायची की," बाबा म्हणाले आणि पाय पोटाशी ओढून तिला जागा करू लागले.