तिसऱ्या मजल्यावरचं दीड मिनिटाचं अंडं

आमच्या पँट्रीतला सगळ्यात खालचा खण उघडलात, तर आत नुसती झाकणं सापडतील. त्यांचे डबे कुठे गेले ते कुणाला ठाऊक नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गोष्टींचंही तसंच आहे. मुलं येतात, दोन-तीन वर्षं काम करतात, कुणी पुण्याला परत जातं, कुणी अमेरिकेला. गोष्टी मात्र खणात पडून राहतात. परवा खण साफ करायला घेतला, तेव्हा म्हटलं, ह्यासुद्धा एकदा पुसून ठेवू.

मी लायडनच्या सायन्स पार्कमधल्या एका औषधांच्या कंपनीत पँट्री सांभाळतो. कप धुणं, कॉफीच्या मशीनमध्ये दूध-पावडर भरणं, फरशी, टॉयलेट, सगळं माझ्याकडे. शाळेत मी गेलो नाही. हर्णैहून जहाजावर गेलो, भटारखान्यात कांदे सोलत सोलत रॉटरडॅमला उतरलो आणि इथलाच झालो. वाचायला-लिहायलाही जहाजावरच शिकलो. इथली मराठी मुलं मला तात्या म्हणतात, म्हणून डच लोकही तात्याच म्हणतात. त्यांना ते माझं आडनाव वाटतं!

*

सुरुवात नचिकेतपासून झाली. हा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. घर आल्मेरेला, कारण तिथे घरं मोठी आणि भाडं कमी. पण त्यापायी अंधारात घर सोडायचं, ट्रेन बदलत बदलत साडेसातला पोचायचं आणि थंडगार ब्रेडमध्ये थंडगार चीज घालून खायचं.

एका सकाळी तो ब्रेडकडे बघत बसला होता. मी विचारलं, "काय रे, खात का नाहीस?"

"तात्या, हे सँडविच आहे की फाईल? दोन पुठ्ठे आणि मध्ये एक पिवळा कागद!"

शेजारी मंजिरी बसली होती. ही लॅबमध्ये. काचेच्या बश्यांमध्ये पेशी वाढवायच्या, हे तिचं काम. त्या पेशींना म्हणे सकाळी सातला खाणं घालावं लागतं. पेशींना सातला जेवू घालणारी ही मुलगी स्वतः बारापर्यंत उपाशी!

दुसऱ्या दिवशी मी येताना अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर आणली. कपात अंडं फोडलं, चमचाभर दूध, मीठ, काट्यानं फेटलं. मायक्रोवेव्हमध्ये चाळीस सेकंद. मग थांबायचं, ढवळायचं. पुन्हा तीस सेकंद. मग कप तसाच झाकून जरा वेळ राहू द्यायचा. एकूण दीड मिनिट.

नचिकेतनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

मंजिरी म्हणाली, "नच्या, रडतोयस काय?"

"मिरची आहे," तो म्हणाला.

मिरची मी त्याच्या कपात घातलीच नव्हती.

*

एकदा माझी बस चुकली. नचिकेतला दम कुठला! त्यानं अख्खं अंडं, कवचासकट, मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं आणि दोन मिनिटं लावली.

मी जिन्यात होतो. वर धडाम्‌ असा आवाज झाला. पाठोपाठ घंटा वाजली, पिवळी जॅकेटं घातलेले लोक धावत आले आणि चार मजल्यांची माणसं बाहेर सायकलींच्या छपराखाली थंडीत उभी राहिली. हे घंटा वाजवणं, मोजणी करणं इथे फार मनापासून करतात. एकशे बारा माणसं मोजून झाल्यावर पिवळ्या जॅकेटवाल्यानं विचारलं, "स्फोट कशाचा?"

नचिकेतनं हात वर केला. "अंड्याचा."

त्याच्या केसांत पिवळा बलक होता, त्यामुळे पुरावा मागायची वेळ आली नाही.

आता हा मुलगा करतो काय, तर कंपनीच्या मोठमोठ्या टाक्यांमधलं प्रेशर वाढायला लागलं की आधीच सांगणारं सॉफ्टवेअर लिहितो!

*

मंजिरीच्या टेबलाशेजारी इनेके बसते. डच, उंच, स्वभावानं चांगली. कपातलं अंडं तिलाही आवडायला लागलं. ती म्हणाली, "मी पण अंडी आणत जाईन. फक्त तू कधी खात नाहीस ते सांग."

मंजिरी म्हणाली, "सोमवारी नाही."

इनेकेनं लिहिलं.

"गुरुवारी नाही. एकादशीला नाही, त्या महिन्यात दोन. आणि चतुर्थी. ती चंद्रावर असते."

"चंद्रावर?"

"म्हणजे चंद्र बघून ठरते. इथे ढग असतात, म्हणून आईला फोन करून विचारते."

इनेकेनं कॉम्प्युटरवर तक्ता करायला घेतला. रंग दिले. आमच्या श्रावणापर्यंत आली तेव्हा तिनं हात टेकले. "अगं, मग तू खातेस तरी कधी?"

"उरलेल्या दिवशी," मंजिरी म्हणाली. "जोरात!"

*

इमारतीची व्यवस्था हेंककडे. हेंक म्हणजे नियमांचा माणूस. दारं, दिवे, टॉयलेटचा कागद, सगळ्याचा त्याच्याकडे एकेक नियम. धडामनंतर त्यानं मायक्रोवेव्हवरच्या कपाटाला कागद चिकटवला. इनेकेनं तो मोठ्यानं वाचला, "अंडी करू नयेत. वास येतो."

मी बादलीत कोमट पाणी घेतलं, ओलं फडकं चिकटपट्टीवर पाच मिनिटं धरून ठेवलं आणि डाग न पडता कागद अलगद काढला.

दुसऱ्या दिवशी हेंकनं पुन्हा लावला. मी पुन्हा काढला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तो स्वतः आला. "तात्या, माझी सूचना कोण काढतं?"

"मी," मी म्हटलं.

"का?"

मी झाडूच्या कपाटातून माझ्या कामाचा तक्ता आणला आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं. कपाटांना कागद चिकटवू नयेत, दिसल्यास सफाईवाल्यानं काढावेत. खाली सही हेंकची!

हेंकनं वाकून आपली सही तपासली. मग "बरं," म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सूचना काचेच्या फ्रेममध्ये घालून स्क्रूनं बसवली. स्क्रूबद्दल नियम नव्हता. पण काच पुसणं माझ्याच कामात येतं. मी ती रोज अशी चकचकीत पुसायचो, की सूचना वाचायला जावं तर आपलंच तोंड दिसावं.

अंडी चालूच होती.

*

मग मीटिंग लागली. इथे भांडत नाहीत, मीटिंग लावतात. कागदावर विषय छापून आला: "१. तिसऱ्या मजल्यावरील अंडी." मलाही बोलावलं. प्रत्येकाला एक कॉफी आणि एक बिस्कीट. एकच. डबा लगेच बंद!

हेंक म्हणाला, "मायक्रोवेव्ह काढून टाकायचा. अंड्याचा वास दुपारपर्यंत जात नाही."

मंजिरी म्हणाली, "आणि तुम्ही बुधवारी इथेच बसून कच्चा हेरिंग मासा खाता, वर कच्चा कांदा. त्याचा वास गुरुवारपर्यंत असतो."

"ती आमची परंपरा आहे."

"मग नाश्ता ही आमची!"

हेंकनं माझ्याकडे पाहिलं. माझं डच गोदीत शिकलेलं, त्यात मोठी वाक्यं नाहीत. मी एवढंच म्हटलं, "हेंक, ही मुलं उपाशी पोटी येतात. मी इथे आहे तोवर उपाशी काम करणार नाहीत. मशीन न्यायचं तर ने. मी उद्या दुसरा रस्ता शोधीन."

तेवढ्यात इनेकेनं विचारलं, "मायक्रोवेव्ह गेला, तर वाढदिवसाला सफरचंदाचा केक कशात गरम करायचा?"

आता इथली एक रीत सांगायला हवी. इथे ज्याचा वाढदिवस, त्यानंच सगळ्यांना खाऊ घालायचं. त्यात मोडता घालणं म्हणजे पाप. हेंकही विचारात पडला. शेवटी ठराव झाला. मायक्रोवेव्ह कपाटात कुलूपबंद राहील. किल्ली हेंककडे. ज्या दिवशी कुणाचा वाढदिवस असेल, त्याच दिवशी सकाळी उघडेल. वाढदिवसवाला जे करील ते करील.

हेंकनं लिहून घेतलं, सह्या घेतल्या. मीही केली. माझी सही हळू होते, सगळे थांबले.

बाहेर आल्यावर नचिकेत म्हणाला, "तात्या, हरलो आपण."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फाईल खायला बसला. मला बघवेना.

*

वाढदिवसांचं कॅलेंडर इथे टॉयलेटमध्ये टांगतात. का, ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. पण घरोघरी तिथेच असतं आणि आमच्या मजल्यावरही तिथेच आहे. ज्यानं त्यानं आपल्या तारखेपुढे नाव लिहायचं. तिथली साफसफाई माझी, म्हणजे कॅलेंडरवरची धूळसुद्धा मीच पुसतो.

पाच-सहा दिवसांनी नचिकेत पेन घेऊन तिकडे निघाला. मी त्याला दारातच अडवलं.

"काय लिहितोयस?"

"माझा वाढदिवस. उद्या. परवा मंजिरीचा. पुढे इनेके."

"खोटं?"

"तात्या, पोटासाठी!"

"नको," मी म्हटलं. "तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्या प्रत्येक कागदावर तारीख आहे. हेंक दोन मिनिटांत पकडील. पेन इकडे दे."

आणि मी उद्याच्या तारखेपुढे लिहिलं, तात्या.

सकाळी पावणेआठला हेंक किल्ली घेऊन आला. कुलूप उघडलं, माझा हात हातात घेतला. "तात्या, अभिनंदन!" मग इथल्या रीतीप्रमाणे आजूबाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांचंही अभिनंदन केलं. इथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं होतं. मी अकरा कप अंडी केली. हेंकनं घेतलं नाही. म्हणाला, "मी घरून खाऊन येतो."

संध्याकाळी मी पुढच्या तारखेपुढे लिहिलं, तात्या.

सकाळी हेंक आला. किल्ली बोटात धरून म्हणाला, "तात्या, वाढदिवस काल झाला."

"काल असेल," मी म्हटलं. "किंवा आज."

"म्हणजे?"

"कुणी लिहून ठेवलं नाही, हेंक. आई सांगायची, तू झालास तेव्हा बाप जाळी टाकायला समुद्रात गेला होता. तो तर रोजच जायचा!"

"पण कागदावर तारीख असणारच. सगळ्यांची असते."

"बघ की," मी म्हटलं. "तुझ्याकडेच आहे माझा कागद."

हेंक खाली ऑफिसात गेला. नचिकेत, मंजिरी, इनेके रिकामे कप घेऊन उभी. मी कांदा चिरायला घेतला.

मंजिरी हळूच म्हणाली, "तात्या, नोकरी जाईल हो तुमची. राहू दे ना."

"कांदा बारीक हवा की जाड?" मी विचारलं.

दहा मिनिटांनी हेंक माझी फाईल घेऊनच वर आला. त्यात नगरपालिकेचा दाखला होता. मी पहिल्यांदा या देशात नाव नोंदवायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी जन्मतारीख विचारली. मी खरं ते सांगितलं, साल आहे, दिवस नाही, महिना नाही. त्यांनीही खरं तेच लिहिलं.

हेंकनं कागद उजेडाकडे धरला. पुन्हा वाचला. मग मोठ्यानं वाचला.

"दिवस, शून्य शून्य. महिना, शून्य शून्य."

त्यानं शिक्का बघितला. मागची बाजू बघितली. नियमांच्या माणसापुढे सरकारी कागद होता, शिक्क्यासकट.

मग त्यानं फाईल मिटली, कुलूप उघडलं आणि निघून गेला. अभिनंदनसुद्धा केलं नाही. मला जरा वाईट वाटलं. त्याचाच नियम मी त्याच्यावर उलटवला होता. पण अंडी मी केली. आणि घरी जाताना पुढच्या तारखेपुढे नावही लिहिलं.

सकाळी पावणेआठ वाजले. आठ वाजायला आले. हेंक नाही. नचिकेत कपाटाच्या कुलपाकडे बघत म्हणाला, "संपलं, तात्या."

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले. हेंक आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. टाय मी त्याच्या गळ्यात कधी बघितला नव्हता. त्यानं आधी कुलूप काढलं. मग माझा हात धरून तीनदा हलवला. "तात्या, अभिनंदन." मग नचिकेतचा हात. "तात्याबद्दल अभिनंदन." मंजिरीचा. इनेकेचा. एकालाही सोडलं नाही.

मग त्यानं काखेतलं पुडकं माझ्यापुढे धरलं. रंगीत कागद, वर लाल फीत.

"हे काय?" मी विचारलं.

"वाढदिवसाला रिकाम्या हातानं येत नाहीत," हेंक म्हणाला.

मी फीत सोडली, कागद न फाडता उघडला. आत दहा अंडी होती.