शाळेच्या पडवीतली कापडाची बाहुली
स्पिरिटचा वास आला की तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम चालू होतं ते दिवस आठवतात. तेव्हा आमच्या सातपाटीत शाळेच्या पडवीत एक नर्सबाई पोरींना नर्सचं काम शिकवायच्या. एकदा डोकावलो, तर माझी धाकटी बहीण कापडाच्या बाहुलीला पट्टी बांधत हसत होती. मी ओरडलो, “बावल्या खेळाला पाठवली काय तुला? चल घरी!” बाई म्हणाल्या, “भाऊ, खेळतानाच हात बसतो. तुम्ही जाळं विणायला कसे शिकलात?” लहानपणी खाटेच्या पायाला सुतळी बांधून, खेळतच शिकलो होतो. पण पोरींसमोर हार मानायची कशी? बहिणीचा दंड धरला. “दादा, एवढी गाठ मारू दे,” ती म्हणाली. तेवढीही मारू दिली नाय, की पुन्हा त्या पडवीत जाऊ दिलं नाय. जन्मभर तिनं डोईवर मासळीची पाटी वाहिली. अजूनही ताजे बोंबील आधी मला आणून देते. चुकलो म्हणायला मी तोंड उघडतो, आणि बोंबील बारीक हायेत म्हणून कुरकुरतो.