कशालाच न जोडलेला लाल कॉक

नळमावशीला पाच मिनिटांत बेसिन उतरवता येतं. एक वाक्य बोलायला मात्र तिला अख्खी सकाळ लागली.

ती बाथरूममध्ये उभी होती. साबणाच्या कोनाड्यात मोबाईल टेकवलेला. हातात पान्हा. कपाळावर घाम.

"नमस्कार मैत्रिणींनो," ती म्हणाली. "आज आपण गळका नळ..."

पुढचं तिने गिळलं. दाराबाहेरून नवऱ्याचा आवाज आला.

"अगं, कोण गेलं?"

"कुठे कोण गेलं?"

"मग इतक्या दुःखात का बोलतेयस? आणि आटप जरा. मला आंघोळ करायचीय."

मोबाईल साबणावरून घसरला. बादलीत पडता पडता तिने तो झेलला. एकतीस वर्षं नळ दुरुस्त करणाऱ्या बाईचे हात होते ते. हातांची अडचण कधीच नव्हती.

त्या भागात बाई प्लंबर ती एकटीच. वडिलांकडे शिकली. वडिलांचा हात बेसिनमागच्या फटीत जात नसे, तिचा जाई. तिथून सुरुवात झाली. आता वडील नव्हते, आणि तिच्या हातातलं पुढे कोणाच्या हातात जाणार, हे तिला ठाऊक नव्हतं. मुलींच्या तंत्रशाळेत एकदा पाइप बदलताना तिने मोठ्या बाईंना बेसिनखालूनच विचारलं होतं, "बाई, तुमच्या मुली शिवण शिकतात, टायपिंग शिकतात. हे का नाही शिकवत?"

"शिकवणार कोण?"

"मी."

"आणि शिकणार कोण?"

मावशी बेसिनखालून बाहेर आली. मोठ्या बाई हिशेबी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "शनिवारी अकराचा तास शिवणाचा असतो. सहा शनिवार तो तुमचा. दर शनिवारी इतक्या लांब येणं तुम्हाला जमणार नाही, मला माहीत आहे. तर व्हिडिओ पाठवा. पंधरा मिनिटांचा. आम्ही पडद्यावर लावू. सहाव्या शनिवारी बारा मुलींनी नावं दिली, तर पुढच्या सत्रापासून तुमचा वर्ग. पण एक जरी शनिवार चुकला, तर तास परत शिवणाला."

शिवणाच्या बाई बाजूलाच उभ्या होत्या. "पहिल्याच शनिवारी कळेल," त्या म्हणाल्या.

पहिला व्हिडिओ पावणेअकराला गेला. दुसरा दहा अठ्ठावन्नला. त्यानंतर मोठ्या बाईंचा निरोप आला. "मिळाला. शिवणाच्या बाईंनी मशिनींची झाकणं काढून ठेवली होती."

मावशीने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"अहो, हे असं नाही चालायचं. ही लाइनच चुकीची टाकलीय."

नवरा निवृत्त बस कंडक्टर. वेळ हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. "मी तेच म्हणतोय दोन आठवडे. गाडी सुटायच्या वेळेला तू डेपोत चाकं शोधतेस."

तिने मनावर घेतलं. गळती सापडली की अर्धं काम झालं, असं वडील म्हणत. मग वेळ कुठे गळतो? बाथरूम रिकामी करण्यात वीस मिनिटं. मोबाईल उभा करण्यात दहा. उजेडाच्या नावाने बोंब, म्हणून दिवा आणून धरण्यात आणखी दहा. मग नवऱ्याची आंघोळ. तोवर ती इतकी चिडलेली असायची, की नळच तिला घाबरावा.

रविवारी सकाळी तिने गॅलरीचं दार उघडलं आणि आतलं सामान बाहेर काढायला लागली.

"अगं, ती खुर्ची राहू दे."

"हिला तीन पाय आहेत."

"चौथा करून घेणार होतो मी."

"कधी? मुलगी दुसरीत होती तेव्हा?"

खुर्ची गेली. गंजलेला पंखा गेला. 'कधीतरी उपयोगी पडेल' असं लिहिलेले दोन खोके गेले. खाली अडगळीत एक जुना दरवाजा होता, तो तिने भिंतीला उभा केला. त्यावर कडेला टवका उडालेलं बेसिन बसवलं, वर नळ, खाली बादली. उंच स्टुलावर पाण्याचं पिंप ठेवून त्यातून नळी आणली. मोबाईलसाठी बाजारातला स्टँड आणायला नवरा चप्पल घालून निघाला, तेव्हा ती हसली. अर्ध्या इंची पाइपचे तुकडे, चार काटकोनी एल्बो, वरती एक पकड. तासाभरात स्टँड तयार. नवऱ्याने तो हलवून पाहिला.

"हा वादळातही हलायचा नाही. उलट वादळच थांबेल."

मग तिने लाल ऑइलपेंटचा डबा उघडला. स्टँडचे पाय जिथे यायला हवेत तिथे जमिनीवर चार ठिपके. स्टुलाचे तीन. तिच्या स्वतःच्या पावलांचे दोन. दरवाजावर खिळे ठोकून हत्यारं टांगली, आणि प्रत्येकामागे त्याची आकृती रेखली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच कळावं. दहापर्यंत ऊन डावीकडून येई. उजवीकडे तिने थर्माकोलचं पांढरं झाकण उभं केलं. उजेड तिच्या हातांवर पडला. ती स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली. इतके नीट तिने ते कधी पाहिले नव्हते.

नवऱ्याने घड्याळ लावलं. सगळी मांडणी, पहिल्यापासून. चार मिनिटं.

"गाडी वेळेवर!" तो ओरडला. "चला, टिंग टिंग!"

मावशी ठिपक्यांवर उभी राहिली. मोबाईलकडे पाहिलं. "नमस्कार मैत्रिणींनो," ती म्हणाली.

पुन्हा कोणीतरी गेलं होतं.

सोमवारी तेच. कामावर जाताना ती स्वतःवरच वैतागली होती. जागा झाली, उजेड झाला, वेळ झाला, आणि जीभ टाळूला चिकटलेली ती चिकटलेलीच. त्या दिवशी तिला एका दवाखान्यात काम होतं. ती आत शिरली, पिशवी खाली ठेवली, मेन कॉक शोधला आणि बंद केला. आणि तिथेच थबकली.

तिचा श्वास खाली उतरला होता.

एकतीस वर्षांत तिने मेन कॉक बंद केल्याशिवाय एकाही नळाला हात लावला नव्हता. तो बंद झाला की घर तिचं. कोणी घाई करायची नाही, कोणी मध्ये बोलायचं नाही, पाणी येईल ते ती म्हणेल तेव्हा. गॅलरीत मात्र बंद करायला काहीच नव्हतं. हात रिकामा, म्हणून डोकं भरलेलं.

संध्याकाळी तिने भंगाराच्या डब्यातून लाल चाकाचा एक पितळी कॉक काढला आणि दरवाजाच्या डाव्या अंगाला बसवला. ना मागे पाइप, ना पुढे.

"हा कशाचा कॉक?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्या डोक्याचा."

"मग अधूनमधून उघडाही ठेवत जा."

मंगळवारी सकाळी तिने चाक फिरवलं. तीन वेढे. नमस्कार वगैरे काही म्हणालीच नाही. पान्हा उचलला आणि बोलायला लागली. "हा नळ बघा. टपटप करतो. सगळे त्यालाच शिव्या देतात. त्याचा काही दोष नाही. आत रबराची एक चकती असते, ती थकलीय. आपण तिला सुट्टी देऊ." हात चालत होते आणि हातांमागून शब्द येत होते. संपलं तेव्हा तिला कळलं, की नवरा दारात उभा आहे आणि त्याचा चहा गार झालाय.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

"का? चुकलं?"

"नाही गं. दुसरा कर. लय लागलीय, सोडू नकोस."

तिने दुसराही केला. गरम पाण्याच्या नळाचा. आणि दुपारी जेवताना एकदम हात थांबवून म्हणाली, "अहो, नळाला रोज पाणी कशामुळे येतं? वर टाकी भरलेली असते म्हणून! आणि मी वेडी दर शनिवारी विहीर खणत होते."

तिसरा आणि चौथा व्हिडिओ आपापल्या आठवड्यात गुरुवारीच गेले. शनिवारी तासानंतर निरोप आला, "मिळाला. मागच्या बाकावर जागा उरली नाही." चौथ्यानंतर आणखी एक ओळ होती. "एक मुलगी विचारतेय, डावखुरीला जमेल का?" मावशी खुर्चीतून उठलीच. लगेच गॅलरीत गेली, तीन वेढे दिले, आणि कोपऱ्यातला नळ डाव्या हाताने कसा सोपा जातो ते दाखवलं. हा पाचवा झाला. एकदाही न थांबता.

सहाव्या आठवड्यात एका मोठ्या इमारतीची पाण्याची उभी लाइन फुटली. मावशी चार दिवस तिथेच. व्हिडिओंची टाकी रिकामी होती. ठीक आहे, ती म्हणाली, शनिवारी सकाळी करू. चार मिनिटांची तर मांडणी.

शनिवारी आठ वाजता तिने गॅलरीचं दार उघडलं. बाहेर अंधार होता. इमारतीला रंग द्यायला बांबू बांधले होते, त्यावर जाड कापड, आणि नेमका पिंपाच्या वर एक पाय लोंबत होता. पायाचा मालक भिंत खरवडत होता. खर्र, खर्र.

"दादा, किती वेळ?"

"चार दिवस, ताई."

मावशी लाल ठिपक्यांवर उभी राहिली. ठिपक्यांवर चुना पडत होता.

"बाथरूममध्ये?" नवरा हळूच म्हणाला.

"नाही." ती खाली वाकली आणि स्टँडचे आटे सोडवायला लागली. पाइप पिशवीत, एल्बो पिशवीत. शेवटी दरवाजावरचा लाल कॉकही काढून घेतला. "शाळेत जायचं. मागच्या अंगणातला कोपऱ्यातला नळ तीन वर्षं गळतोय. व्हिडिओ तिथेच काढते, तिथेच हातात देते."

"सव्वानऊची गाडी," नवरा म्हणाला. तो आधीच चप्पल घालत होता. "त्या मार्गावर मी नऊ वर्षं काढलीत. दहा पस्तीसला पोचतो आपण."

दहा पस्तीसला पोचले. दहा चाळीसला सहा नळांच्या रांगेसमोर स्टँड उभा होता. नवऱ्याने डोळा बारीक करून मोबाईलमध्ये पाहिलं. "टिंग टिंग."

मावशीचा हात डावीकडे गेला. लाल कॉक पिशवीतच राहिला होता. पण डावीकडे भिंतीवर एक कॉक होता. हाताने तो आपला आपणच बंद केला. तीन वेढे. श्वास खाली उतरला. ती बोलायला लागली.

वरच्या मजल्यावर कोणीतरी ओरडलं. मग जिन्यावर पावलं. एक मुलगी अर्धी भरलेली बाटली घेऊन आली, मग दोघी ओल्या हातांच्या, मग घोळका. पाणी का गेलं ते बघायला आल्या आणि नवऱ्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. मावशीला पत्ताच नव्हता. ती मोबाईलशी बोलत होती.

"आता ही चकती काढायची. नळाचं डोकं कुठल्या बाजूने फिरवायचं?"

"उलट्या!" तीस आवाज आले.

मावशीच्या हातून पान्हा निसटला. सहा आठवड्यांत मोबाईल पहिल्यांदा उत्तर देत होता.

"बघतेस काय?" नवरा कुजबुजला. "चालू आहे अजून."

घोळक्यातून एक मुलगी पुढे आली. "मावशी, ती डावखुरी मीच."

"मग इथे माझं काय काम? ये." मावशीने तिला पान्हा दिला. मुलगी कोपऱ्यात शिरली. जुनी चकती निघाली, चुरगळलेली, काळी. नवी बसली. "आवळ. अजून. बास! आता आणखी वेढा दिलास तर रबर रडेल."

तेवढ्यात घोळका दुभंगला. मोठ्या बाई आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत फेसाने माखलेले, समोर धरलेले. मागे शिवणाच्या बाई.

"पाणी कोणी घालवलं?"

मुलींनी मावशीकडे पाहिलं. "मी नुसता प्रवासी आहे," नवरा म्हणाला.

मावशीने भिंतीवरच्या कॉककडे पाहिलं. तो मेन कॉक होता. "मी, बाई. अख्ख्या शाळेचं. विचारायचं राहिलं. हातच गेला."

"अकरा वाजून सहा मिनिटं झाली," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "वर पडदा कोरा आहे. वर्गात एक मुलगी नाही. तास चुकला."

ते खरंच होतं. सहा शनिवारांतला सहावा, आणि तिने तो स्वतःच्या हाताने बंद केला होता.

मोठ्या बाईंनी आपल्या फेसाळ हातांकडे पाहिलं. "आधी पाणी सोडा. मग बोलू."

डावखुरीने कॉक उघडला. पाइप खोकले. बाकीच्या नळांतून हवा फुसफुसली. सगळ्या मुली कोपऱ्यातल्या नळाच्या तोंडाकडे बघत होत्या. एकही थेंब नाही. मोठ्या बाई पुढे झाल्या, कोपराने तोच नळ उघडला, सावकाश हात धुतले, आणि दोन बोटांनी नळ बंद केला. थांबल्या. त्यांच्याबरोबर सगळं अंगण थांबलं.

नळ कोरडा राहिला.

"तीन वर्षं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तीन वर्षं मी याच्याखाली बादली ठेवतेय." मग त्या वळल्या. "शिवणाच्या बाई, मुली वर्गात नव्हत्या, कारण तास इथे होता. हं. आता कोणाकोणाला हे शिकायचं..."

वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर गेले. मोठ्या बाईंनी बारापर्यंत मोजलं. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि ओले हात पदराला पुसले.

"सगळं आलंय यात," नवरा मोबाईल उंच धरून सांगत सुटला. "साबणासकट!"

डावखुरी स्टँडचे पाइप पिशवीत भरत होती. तिच्या हाताला लाल चाक लागलं.

"मावशी, हा कॉक कुठला?"

"तो कशालाच जोडलेला नाही."

"मग घेऊन कशाला फिरता?"

मावशीने तो तिच्या हातातून घेतला. चाक एकदा फिरवून पाहिलं.

"वर्गात सगळ्यात आधी तोच बसवायचाय," ती म्हणाली. "दाराशेजारी. सगळ्यांचा हात पोचेल इतक्या उंचीवर."