मेंढरं कुठं बघत्यात

स्कॉटलंडात शिरून तिसरा दिवस उजाडला, तरी माझ्या लेकीच्या वहीत एकच प्राणी होता. ससा. तोही आम्ही उतरलो होतो त्या बी अँड बीच्या, म्हणजे मुक्काम-न्याहारीच्या घराच्या, मागच्या कुंपणातला. हाफ-टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या, सुट्टीसाठी शाळेनं काम दिलं होतं: रानातला प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, तो कुठे आणि कसा दिसला ते लिहायचं, आणि सुट्टीनंतर वर्गापुढे उभं राहून सांगायचं. प्राणिसंग्रहालयातला चालणार नाही, टीव्हीवरचा तर नाहीच. रस्त्यावर मेलेला काटेरी हेजहॉग तिनं आदल्या दिवशी लिहिला होता, मग स्वतःच खोडला. नऊ वर्षांची होती, पण प्रामाणिक.

प्रामाणिक नव्हते ती मी. ते पुढे सांगते.

नव्वद-एक्क्याण्णवचा ऑक्टोबर असेल. मी तेव्हा कार्डिफच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर होते, म्हणजे एक्स-रे काढणारी. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, बीएस्सी झालेली पहिली, विमानात बसलेली पहिली. आणि त्या सहलीत कार्डिफपासून थेट वर डोंगरांपर्यंत गाडी हाणणारीही मीच. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सहल रद्द करायची? मुळीच नाही. लाल सेकंडहँड गाडी, मागे लेक, शेजारी माझी आई. आई सहा महिन्यांसाठी पहिल्यांदाच इकडे आली होती. नऊवारीवर जावयाचं टोपीवालं अनोरॅक जाकीट, पायात रबरी वेलिंग्टन बूट. मोटरवेवरच्या चहापाण्याच्या थांब्यांवर लोक वळून बघायचे. ती त्यांच्याकडे त्याहून निरखून बघायची.

आमच्या पुढे लंडनजवळच्या पिनरच्या डॉक्टर पती-पत्नींची मोठी इस्टेट गाडी. हे दोघे पुण्याचे, तीन पिढ्या शिकलेल्या घरातले. माणसं मनानं चांगली. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "माहेरी काय असतं तुमच्या?" आणि मी पटकन म्हणून गेले होते, "शेतीवाडी आहे. बागायत."

बागायत! माणदेशात आमची एकरभर खडकाळ जमीन. आई लोकांच्या शेळ्या अर्धेलीनं सांभाळायची. म्हणजे शेळी मालकाची, राखण आपली, आणि होणारी करडं निम्मी-निम्मी. आमच्या वाट्याच्या करडांवर मी साताऱ्याच्या कॉलेजात शिकले. यात लाजण्यासारखं काय होतं ते मला आज सांगता येणार नाही. तेव्हा मात्र तो एक शब्द तोंडातून गेला, आणि त्यांच्या घरी जेवायला जाता-येता वर्षानुवर्षं टिकून राहिला. आई येणार म्हटल्यावर मला आधी आठवला तो हाच शब्द.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी व्हायचं ते झालं. "आजी, तुमच्याकडे ऊस की द्राक्षं हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. स्कोनचा, म्हणजे तिथल्या गोडसर पावाचा, घास सावकाश गिळला. "हाय आपलं थोडंथोडं समदंच," ती म्हणाली. आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई माझ्यासाठी खोटं बोलली. नंतर गाडीत बसल्यावर खिडकीतून मेंढरं मोजत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर तो तिसरा दिवस. एका लांबलचक ग्लेनमध्ये, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये ओढा, अशा ठिकाणी आम्ही रस्त्याकडेच्या ले-बायला गाड्या लावल्या. डॉक्टरांनी गळ्यात नवी दुर्बीण अडकवली. "आज तुला स्टॅग दाखवतो बघ, मोठ्या शिंगांचं हरीण," ते लेकीला म्हणाले. हे ते तीन दिवस म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी कॅम्पिंगच्या स्टोव्हवर बटाट्याची भाजी गरम करायला घेतली, आणि वरून हिंगाची ताजी फोडणी द्यायला तेल तापवलं. गार पुऱ्या चालतील, पण गार फोडणी त्यांना चालत नसे.

तेवढ्यात डोंगराच्या पोटातून आवाज आला. खोल, घोगरा, ओढत आणलेला.

"कोण ओरडला?" लेकीनं विचारलं.

"कुणाचा तरी बैल असेल," डॉक्टर म्हणाले.

"बैल न्हवं त्यो," आई म्हणाली. "रानातला नर हाय. माजावर आलाय."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला डाव थांबला. डॉक्टर खाकरले. "म्हणजे, अं, ब्रीडिंग सीझन," ते लेकीला म्हणाले. मी पुऱ्यांच्या डब्याचं झाकण उगाच लावलं आणि उघडलं.

आईचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. तिनं चिमूटभर वाळलेलं गवत हवेत सोडून पाहिलं. "बाई, ती फोडणी राहू द्या. वारं हिकडनं तिकडं चाललंय. हिंगाचा वास त्याच्या नाकात गेला तर त्यो काय पंगतीला येणार हाय का?"

डॉक्टर खो खो हसले. पण स्टोव्ह विझला. आई सगळ्यांना पुलावरून ओढ्याच्या पलीकडे घेऊन गेली, वारं समोरून तोंडावर येईल अशा एका दगडी गडग्याच्या आडोशाला बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. तीन पिढ्या शिकलेल्या घरातले ते डॉक्टर ओल्या गवतात मांडी घालून मुकाट्यानं बसले.

पंधरा-वीस मिनिटं गेली. डॉक्टरांची दुर्बीण वरच्या कड्यावरून फिरत होती. "काही नाही," ते पुटपुटले.

"आजी, इथे फक्त शीप आहे," लेक कुजबुजली. रडकुंडीला आली होती. मेंढ्या तर पहिल्या दिवसापासून दिसत होत्या, पण पाळीव म्हणून वहीत बसत नव्हत्या.

"मग मेंढरंच बघ की," आई म्हणाली. "मेंढरं कुठं बघत्यात?"

आम्ही पाहिलं. समोरच्या उतारावर वीसेक मेंढ्या होत्या. एकीचंही तोंड हलत नव्हतं. चरणं सोडून सगळ्या माना वर करून एकाच बाजूला बघत होत्या: ओढ्याकडेचं वाळलेलं, गंजाच्या रंगाचं नेच्याचं रान.

मीही तिकडे डोळे लावले. माझं कामच बघण्याचं. पण आधी मला काहीच दिसेना. मग हाडातला बारीक तडा फिल्मवर सापडतो तसं झालं. रेषा सरळ चाललेली असते आणि एका जागी ती चुकते. नेच्याच्या रानात एक वाळकी फांदी वाऱ्याच्या उलट हलली. फांदीखाली कान होता. कानाखाली मान.

"आजी! मला दिसला तो!" लेकीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

नर बाहेर आला. काळपट मान, शिंगांना गवत अडकलेलं. त्याच्यामागून एकेक करत माद्या. त्यानं मान लांब केली, ओरडला, आणि तोंडातून वाफ निघाली. डॉक्टरांनी दुर्बीण आईपुढे धरली. "मला दिसतंय," म्हणून तिनं ती परत केली.

"आजी, कमाल केलीत!" डॉक्टर हळूच म्हणाले. "हे शिकलात कुठे?"

"बागायतीत रानटी जनावरं फार येत असतील ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अगदी सरळ मनानं.

आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. "येत्यात की..." तिनं सुरुवात केली.

आणि मला ते सहन झालं नाही. एवढा मोठा नर जिनं आमच्यापुढे आणून उभा केला, तिनं माझ्या द्राक्षबागेची राखण करत बसायचं? "आमची बागायत नाही!" मी म्हणाले. "कधीच नव्हती. मी खोटं सांगितलं. आई लोकांच्या शेळ्या राखायची, अर्धेलीनं. आमच्याकडे लांडगा आला की आधी शेळ्यांना दिसतो, मग माणसाला. शेळ्यांकडे बघून तिनं एकटीनं कळप सांभाळलेत आणि त्यावर मला शिकवलंय!"

आवाज फार मोठा झाला असावा. नरानं मान वळवली, आणि पुढच्या क्षणी अख्खा कळप चढ चढून पलीकडे नाहीसा झाला. मेंढ्यांनी माना खाली घातल्या आणि पुन्हा चरायला लागल्या.

"हाकललंस ना!" आई माझ्यावर खेकसली. "हळू बोलाया काय झालंतं?"

 डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. माझा चेहरा तापला होता, पण मी नजर खाली घातली नाही.

मग त्या उठल्या, साडी झटकली आणि आईला म्हणाल्या, "आजी, आता देऊ का फोडणी?"

"द्या द्या. गेला आता त्यो."

जेवताना डॉक्टर आईच्याच शेजारी बसले. लांडगा किती लांबून येतो, कुत्रं आधी भुंकतं की शेळी आधी थबकते, असं विचारत राहिले. आई तोंडात घास असताना सांगत होती, हातानं कळप दाखवत होती. लेकीनं गुडघ्यावर वही उघडली. प्राणी: रेड डिअर, एक नर, सात माद्या. कसा दिसला, या प्रश्नापुढे तिनं इंग्रजीत लिहिलं की आजीनं मेंढ्यांना विचारलं. मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "मम्मी, वर्गात सांगू, आजी काय काम करायची ते?"

"सांग," मी म्हणाले. "मोठ्यानं सांग. तिथे पळून जायला कुणी नाही."

परतीच्या वाटेवर आई बराच वेळ खिडकीतून डोंगर बघत होती. लेक मागे झोपली होती. मग आई हुश्श करून सीटला टेकली.

"बरं केलंस बाई," ती म्हणाली. "तीन दिस द्राक्षं सांभाळून दमले हुते मी."